महाड हा अंमलबजावणीचा लढा होता. मग खिडकीपुढची रांग चळवळीचा विषय का नाही?

जून-जुलै आला की माळशिरस तालुक्यातल्या आपल्या वस्त्यांमध्ये एकच धावपळ सुरू होते. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला जातीचं प्रमाणपत्र, कुणाची जात पडताळणी अडकलेली असते, कुणाची शिष्यवृत्ती मागच्या वर्षीचीच आलेली नसते. पोरगं बारावीला चांगले मार्क घेऊन बसलेलं असतं आणि बाप रोजगार बुडवून कचेरीच्या पायरीवर बसलेला असतो. मग कुणीतरी आम्हाला फोन करतं, ‘दादा, जरा साहेबांना सांगा ना.’ आम्ही फोन करतो. काम होतं, निदान पुढे तरी सरकतं. त्या घराला बरं वाटतं आणि खरं सांगायचं तर आम्हालाही बरं वाटतं.

या बरं वाटण्यातच सगळी मेख आहे. जे काम कायद्याने ठरलेल्या दिवसात आपोआप व्हायला हवं, ते फोन केल्यावर होतं, याचा अर्थ ते हक्क म्हणून मिळालेलं नसतं, मेहेरबानी म्हणून मिळालेलं असतं. आणि ज्याच्याकडे फोन करणारं कुणी नाही, त्याचं काय? शेवटच्या टोकाच्या पालावर राहणाऱ्या, ऊसतोडीला गेलेल्या, नवरा वारलेल्या बाईच्या पोराचं काय? आमचा मुद्दा सरळ आहे. सरकारी सेवा वेळेत, सन्मानाने आणि विनावशिला मिळणं हा आंबेडकरी चळवळीच्या कार्यक्रमपत्रिकेवरचा पहिल्या रांगेतला प्रश्न आहे. तो ‘किरकोळ कामं’ म्हणून बाजूला टाकणं आता थांबलं पाहिजे.

काही साथी यावर नाक मुरडतील. म्हणतील, दाखले काढणं हे काय क्रांतीचं काम आहे का? हे तर एजंटाचं काम. आपण विचारांची लढाई लढायची, सत्ता मिळवायची, मग दाखले आपोआप मिळतील. या साथींना आम्ही महाडची आठवण करून देतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. पाणवठ्याबरोबर कचेरीचंही नाव त्यात आहे, हे लक्षात ठेवा. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर चवदार तळं १९२४ सालीच आपलं झालं होतं. पण तळ्याकडे जाण्याची सोय नव्हती, संरक्षण नव्हतं आणि ठराव राबवण्याची इच्छा तर कुणाचीच नव्हती. ठराव दप्तरात पडून राहिला. १९२६ साली बोले यांना पुन्हा ठराव आणावा लागला की, ज्या नगरपालिका आणि बोर्डं हा निर्णय अमलात आणणार नाहीत त्यांचं अनुदान सरकारने रोखावं. तरीही काही हललं नाही. आणि मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारोंसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले.

म्हणजे महाडला बाबासाहेबांनी नवा कायदा मागितला नव्हता. मंजूर झालेल्या, जाहीर झालेल्या, पण मुद्दाम कुजवत ठेवलेल्या निर्णयाची अंमलबजावणी त्यांनी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन केली. पुढे काय झालं? सनातनी मंडळी कोर्टात गेली. तळं खाजगी आहे असा दावा केला, मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचं दहन केलं आणि त्याच वेळी कोर्टातली लढाईही सोडली नाही. दावा, साक्षी, पुरावे, अपील असं करत करत मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आपल्या बाजूने निकाल लागला. एक दिवस तळ्यावर आणि दहा वर्षं कागदावर. ज्यांना कागदाचं काम हलकं वाटतं त्यांनी ही दहा वर्षं मोजावीत.

आता आजच्या माळशिरसमध्ये येऊ.

ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या माळेवाडी (बोरगाव) इथे अनुसूचित जातीतल्या एका ज्येष्ठ माणसाच्या पार्थिवाला स्मशानाकडे जायची वाट मिळाली नाही. शेवटी नातेवाइकांनी ग्रामपंचायत कार्यालयासमोरच अंत्यविधी केला. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, बातम्या आल्या, पुढारी आले, गेले. या घटनेकडे आपण जातीय अत्याचार म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण तिला दुसरी बाजूही आहे. स्मशानभूमी आणि तिची वाट ही गावकारभाराची अगदी मूलभूत सेवा आहे. अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला मामलेदार न्यायालय अधिनियमाने १९०६ सालापासून दिलेला आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या वस्त्यांच्या विकासासाठी स्वतंत्र योजना आहे. ग्रामपंचायतीने उत्पन्नाचा १५ टक्के भाग मागासवर्गीयांसाठी खर्च करावा असा दंडक आहे. म्हणजे कायदा आहे, अधिकारी आहे, निधीचं शीर्ष आहे. नव्हती ती फक्त वाट. जिवंतपणी दाखल्यासाठी ज्या ग्रामपंचायतीच्या दारात उभं राहायचं, मेल्यावर त्याच दारात जळायची वेळ एका माणसावर आली. याहून स्पष्ट भाषेत कारभाराचं अपयश कसं सांगायचं?

कुणी म्हणेल, प्रशासनाकडे माणसं कमी आहेत, पैसा कमी आहे, तालुका मोठा आहे. माणसं कमी आहेत हे खरं, त्यावर पुढे बोलूच. पण क्षमताच नाही, हे आम्ही मान्य करत नाही. दरवर्षी आषाढीच्या आधी ज्ञानोबांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत आपल्या तालुक्यातून जाते, तुकोबांची अकलूजवरून जाते. लाखो वारकरी येतात. त्या काही दिवसांत हेच प्रशासन रस्ते दुरुस्त करतं, टँकर उभे करतं, फिरती शौचालयं ठेवतं, आरोग्य पथकं नेमतं, रात्रीचा दिवस करतं. वारकऱ्यांची सोय झालीच पाहिजे, त्यांच्यात आपलेही आई-बाप असतात. आमचा प्रश्न एवढाच आहे की, जे प्रशासन चालत्या लाखो माणसांना ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी पाणी देऊ शकतं, त्याला एका जागी बसलेल्या वस्तीला पाणी, वाट आणि दाखला का देता येत नाही?

दुसरं उदाहरण तर सगळ्या देशाने पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये तालुक्यातल्या मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकेवर चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. त्या मतदानाबद्दल कुणाचं काय मत असायचं ते असो. पण ते थांबवायला जमावबंदीचा आदेश किती झटपट निघाला, पोलिसांचा बंदोबस्त किती चटकन उभा राहिला, हे आठवा. म्हणजे लोकांना अडवायचं असेल तर यंत्रणेचे पाय वाऱ्यासारखे धावतात आणि लोकांना काही द्यायचं असेल तर त्याच पायांना मुंग्या येतात. क्षमता तीच असते. ती कुणासाठी आणि कशासाठी वापरायची, हे ठरवण्यात भेद आहे.

हा भेद बाबासाहेबांनी आधीच ओळखला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभागृहापुढे मांडताना त्यांच्यावर टीका होत होती की, घटनेत कारभाराचे एवढे बारीक तपशील कशाला? त्यावर त्यांचं म्हणणं असं होतं की, घटनेचा एक शब्दही न बदलता, नुसती कारभाराची पद्धत बदलूनही घटनेचा आत्मा मारता येतो. ज्या समाजात घटनात्मक नीती अजून रुजलेली नाही तिथे कारभार कायदेमंडळाच्या मर्जीवर सोडणं धोक्याचं. आज ‘संविधान बदलणार’ अशी आवई उठली की आपण रस्त्यावर येतो, आणि यायलाच पाहिजे. पण संविधान न बदलता, रोज, प्रत्येक टेबलावर, ‘उद्या या’ या दोन शब्दांनी जे संविधान मोडलं जातं, त्याच्याविरुद्ध आपण कधी मोर्चा काढला?

‘उद्या या’ हे दोन शब्द सगळ्यांना सारखे लागत नाहीत. पगारदार माणसाला ‘उद्या’ म्हणजे एक रजा. बागायतदाराला ‘उद्या’ म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी पाठवणं. शेतमजुराला ‘उद्या’ म्हणजे आजची बुडालेली हजेरी, उद्याची बुडालेली हजेरी आणि दोन वेळचं एस.टी.चं भाडं. जातीचं प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून घ्यायचं, पडताळणीसाठी सोलापूरच्या जिल्हा समितीकडे जायचं, ते अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. एक त्रुटी निघाली की पुन्हा फेरी. दिरंगाई हा एक कर आहे आणि तो गरिबाकडून जास्त दराने वसूल होतो. पूर्वी विटाळ होऊ नये म्हणून आपल्याला दाराबाहेर उभं करत. आज कागद अपुरा आहे म्हणून दाराबाहेर उभं करतात. उभं राहणारा माणूस बहुतेक वेळा तोच आहे.

कागद अपुरा का पडतो, हेही विचारलं पाहिजे. अनुसूचित जातीचा दावा सिद्ध करायला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागितला जातो. पडताळणी हवीच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. बोगस प्रमाणपत्रं काढून आपल्या जागा लाटणाऱ्यांना रोखण्यासाठीच सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली आणि महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. पण १९५० च्या आधीचा शाळेचा दाखला कुणाकडे असणार? ज्याच्या आजोबाला शाळेत बसू दिलं होतं त्याच्याकडे. १९५० च्या आधीचा जमिनीचा उतारा कुणाकडे असणार? ज्याला जमीन होती त्याच्याकडे. ज्यांना शाळा आणि जमीन दोन्ही नाकारली, त्यांच्याच नातवाला विचारायचं की शाळेचा आणि जमिनीचा कागद कुठे आहे! मग राहतं गावचं कोतवाल बुक, जन्म-मृत्यूची नोंदवही. ती कुठे वाळवीने खाल्लेली, कुठे मोडीत लिहिलेली, कुठे सापडतच नाही. आणि ती जपून ठेवण्याची जबाबदारी अर्जदाराची नव्हती, सरकारची होती.

बौद्धांचा घोळ आणखी वेगळा. आजोबाच्या नोंदीत ‘महार’, बापाच्या दाखल्यावर ‘बौद्ध’, पोराच्या दाखल्यावर ‘नवबौद्ध’. १९५६ चं धर्मांतर सगळ्या जगाला माहीत आहे. १९९० साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या. तरी एखाद्या टेबलावर अजून विचारलं जातं, ‘हे दोन शब्द वेगळे कसे?’ उत्तर माहीत असून विचारलेल्या प्रश्नाला आम्ही अज्ञान म्हणत नाही.

इथे एक कडू गोष्ट नव्या पोरांनी समजून घेतली पाहिजे. सरकारी सेवेशी आपलं नातं कालचं नाही. १८७४ च्या वतन कायद्याखाली महार हा गावचा आणि सरकारचा चोवीस तासांचा बांधील नोकर होता. टपाल पोचवायचं, सरकारी खजिन्याबरोबर चालत जायचं, अधिकारी आला की त्याच्या मागे पळायचं, घरचा कर्ता आजारी असेल तर बायको-पोराने जायचं. मोबदला म्हणजे वतनाचा तुकडा आणि दारोदार मागायचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याविरुद्ध विधेयक आणलं, ती गुलामगिरी कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सरकारची सेवा फुकट केली, तो समाज आज सरकारकडून सेवा मागतो, तर त्याला ‘किती वेळा येता तुम्ही’ असं ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्याला सांगा, हिशेब काढायचा तर देणं तुमच्याकडे निघतं.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण रागाला कागदाची जोड नसेल तर तो संध्याकाळपर्यंत ओसरतो.

महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे. एका कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये, असं तो सांगतो. प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद लावायची, हेही त्यातच आहे. त्यानंतर आला महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. याखाली अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला मुदत ठरलेली आहे. उदाहरणार्थ उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस. अर्ज घेतल्यावर तारीख आणि क्रमांक असलेली पोच द्यायची. नाकारायचं तर कारण लेखी द्यायचं. मुदतीत काम झालं नाही किंवा नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं अपील आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरं अपील. कसुरी करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. आपल्यातल्या किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे? आणि माहीत असणाऱ्यांपैकी कितीजणांनी एक तरी अपील केलं आहे?

या कायद्याचं कुलूप एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे पोच. घड्याळ सुरू होतं ते पोच मिळाल्यावर. म्हणून सगळी चलाखी पोच न देण्यात असते. अर्ज हातात घ्यायचा, वरवर बघायचा, ‘हे एक कागद जोडून आणा’ म्हणायचं आणि तोंडी परत पाठवायचं. नोंद नाही, तारीख नाही, मुदत नाही, अपील नाही. कागदोपत्री तो माणूस कचेरीत आलाच नव्हता. वर्षअखेरीस आकडेवारी झळकते की बहुतेक अर्ज वेळेत निकाली निघाले. निघणारच! जे अडवले ते अर्ज झालेच नाहीत. म्हणून आमचं पहिलं सांगणं हे की, अर्ज अपुरा असला तरी द्या, पोच घ्या आणि त्रुटी लेखी मागा. तोंडी नकार हा नकारच नाही, असं प्रत्येक घरात सांगा.

‘आता सगळं ऑनलाइन झालंय, माणसाचा संबंधच उरला नाही’ असं म्हणणाऱ्यांनाही उत्तर दिलं पाहिजे. ऑनलाइनला आमचा विरोध नाही. अर्जाचा क्रमांक आपोआप मिळतो, हा त्याचा मोठा फायदा आहे. पण यंत्राला अंगठा कुणाचा, आधारला जोडलेला मोबाईल कुणाचा, नाव इंग्रजीत कसं लिहिलंय, बँक खातं चालू आहे का, हे सगळं पुन्हा गरिबालाच निस्तरावं लागतं. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज महाविद्यालयाच्या पातळीवर पडून राहिला तर पोराला पडद्यावर फक्त ‘प्रलंबित’ दिसतं. कुणाकडे, का, कधीपर्यंत, हे दिसत नाही. पूर्वी निदान भांडायला समोर माणूस असायचा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असतानाची योजना आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने तिचा खर्च केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा वाटून घेतला. सरकारांनी आपसात हिशेब कसाही करावा. पण हप्ता उशिरा आला म्हणून महाविद्यालयाने पोराला परीक्षेला अडवायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

माणसं कमी असल्याचा मुद्दा आम्ही मघाशी ठेवून दिला होता. पदं रिकामी राहतात, कारण ती रिकामी ठेवली जातात. ६ सप्टेंबर २०२३ ला शासनाने खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा २० ऑक्टोबरला तो रद्द करत असल्याचं जाहीर करावं लागलं. त्याआधी ७ मे २०२१ चा शासन निर्णय आला, ज्याने पदोन्नतीतल्या आरक्षणाच्या जागाही सेवाज्येष्ठतेने भरायचं ठरवलं. या दोन्ही गोष्टींचा खिडकीपुढच्या रांगेशी थेट संबंध आहे. कंत्राटात आरक्षण मुरतं आणि जबाबदारीही मुरते. एजन्सीच्या पोराला दंड कोण करणार? आणि वरच्या खुर्च्यांवर आपली माणसं पोचली नाहीत, तर खालच्या खिडकीवरची वागणूक बदलायची कुणी? बाबासाहेबांनी १९४२ साली सरकारपुढे नोकऱ्यांमधल्या प्रतिनिधित्वाची मागणी ठेवली ती काही पोटभरूपणा म्हणून नव्हे. कायदा कागदावर असतो, तो माणसाच्या हातातून लोकांपर्यंत पोचतो आणि तो हात कुणाचा आहे याने फरक पडतो. म्हणूनच माऱ्याच्या जागांचा आग्रह होता. जे साहेब त्या जागांवर पोचून खाली बघायचे विसरले, त्यांनी हे जरा मनाला लावून घ्यावं.

राजकीय प्रतिनिधित्वाचंही तेच. माळशिरस विधानसभा मतदारसंघ २००९ च्या निवडणुकीपासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. पक्ष बदलले, आमदार बदलले. आम्ही कुणा एकाला बोल लावत नाही. पण राखीव मतदारसंघ म्हणून या तालुक्यातल्या वस्त्यांना कचेरीत काही वेगळी वागणूक मिळाली का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. संयुक्त मतदारसंघात उमेदवार आपला आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती, हे दुखणं पुणे करारापासूनचं आहे. म्हणून आमदार आपला झाला की दाखला आपोआप मिळेल, ही भाबडी समजूत सोडली पाहिजे. प्रतिनिधी हवाच, पण प्रतिनिधी फोन करून काम करून देणारा नको. त्याने अशी व्यवस्था उभी करावी की फोनची गरजच पडू नये.

हा प्रश्न फक्त आपल्या तालुक्याचा किंवा देशाचा आहे असंही नाही. इंडोनेशियात १९९८ साली सुहार्तोंची तीन दशकांची हुकूमशाही गेली. लोकशाही आली, पण कचेरीतला बाबू तोच राहिला. तेव्हा तिथे २००८ साली लोकपालासाठी आणि २००९ साली सार्वजनिक सेवांसाठी स्वतंत्र कायदे झाले. सेवेचा दर्जा आणि मुदत जाहीर करणं कार्यालयांवर बंधनकारक केलं. सेवा नीट मिळाली नाही तर तक्रार ऐकायला प्रांतोप्रांती लोकपालाची कार्यालयं उघडली. तिथे सगळं आलबेल आहे असा आमचा दावा नाही. २०१९ साली तिथल्या भ्रष्टाचारविरोधी आयोगाचे पंख छाटले गेले, तेव्हा विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावं लागलं. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तक्रार ऐकणारा हा ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या खात्याबाहेरचा असावा. आपल्याकडे पहिली दोन अपिलं त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे जातात. धाकट्याच्या चुकीवर थोरला पांघरूण घालतो आणि खात्याबाहेरचा आयोग येईपर्यंत प्रवेशाची तारीख निघून गेलेली असते. पाच हजारांच्या दंडाने पोराचं गेलेलं वर्ष परत येत नाही.

म्हणून शासनाकडे आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, प्रवेशाच्या हंगामाआधी, एप्रिल-मे महिन्यात, दाखले आणि पडताळणीची शिबिरं थेट वस्त्यांमध्ये घ्या. कचेरी वस्तीत येऊ द्या, वस्तीने किती दिवस कचेरीत यायचं? दोन, कुटुंबातल्या वडिलांची किंवा सख्ख्या भावंडांची पडताळणी झालेली असेल तर पोराला पुन्हा शून्यापासून धावायला लावू नका. तीन, किती अर्ज आले, किती तोंडी परत पाठवले, किती मुदतीबाहेर गेले, याची तालुकावार आणि प्रवर्गवार माहिती दर महिन्याला फलकावर लावा. रोजगार हमीला सामाजिक अंकेक्षण आहे, तसं दाखल्यांना आणि शिष्यवृत्तीला का नको? चार, रिकामी पदं कायमस्वरूपी आणि आरक्षणासह भरा. पाच, सरकारी दिरंगाईमुळे प्रवेश गेला तर जागा राखून ठेवा. पोराला सरकारी चुकीची शिक्षा नको.

मागण्या करून घरी बसायची सवय मात्र आपणही मोडली पाहिजे. शासन निर्णय आपल्यासाठी निघतात आणि ते वाचणारं आपल्यात कुणी नसतं. १४ एप्रिलला आपण गावागावात वर्गणी काढतो, मिरवणुका काढतो. जयंती जोरात झालीच पाहिजे. पण त्याच वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढून विहारात एक टेबल, एक खुर्ची, एक नोंदवही आणि एक प्रिंटर ठेवायला काय हरकत आहे? आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकलेली दोन पोरं-पोरी तिथे बसू देत. कुणी कुठला अर्ज कधी दिला, पोच क्रमांक काय, मुदत कधी संपते, अपील कधी करायचं, एवढं लिहून ठेवायचं. मुदत संपली की दुसऱ्या दिवशी अपील. एकट्याने नाही, वस्तीतल्या सगळ्यांची अपिलं एकाच दिवशी, एकत्र जाऊन. एक अपील आलं तर साहेब चिडतात, पन्नास आली तर साहेब कायदा वाचतात.

यात एक पथ्य पाळायचं. हे काम करताना आपण नवे एजंट व्हायचं नाही. पैसे घ्यायचे नाहीत आणि ‘मी करून देतो’ म्हणायचंही नाही. ‘तू कर, मी सोबत येतो’ म्हणायचं. ज्याचं काम आहे त्याच्या हातात पोच असली पाहिजे, त्याच्या सहीने अपील गेलं पाहिजे, सुनावणीत त्याने बोललं पाहिजे. आम्ही कार्यकर्ते इतकी वर्षं फोन करत राहिलो, पण फोन करणाऱ्याची ताकद वाढते आणि ज्याच्यासाठी फोन केला तो तिथेच राहतो. अपील करणाराची ताकद मात्र त्याच्या स्वतःच्याच अंगात येते. एकदा लेखी भांडून दाखला मिळवलेली बाई पुढच्या ग्रामसभेत रेशनचा, घरकुलाचा आणि स्मशानाच्या वाटेचा हिशेब मागायला उभी राहते. चळवळ अशा बायांनी आणि अशा पोरांनी वाढते.

आणि जे म्हणतात की यातून व्यवस्था बदलत नाही, फक्त तिची डागडुजी होते, त्यांना आमचं शेवटचं सांगणं. वशिल्याने मिळणारी सेवा हीच जातिव्यवस्थेची आजची खतावणी आहे. कोण कुणाचा माणूस, कोण कुणाला ओळखतो, कोण कुणापुढे वाकतो, हे त्या खिडकीवर रोज लिहिलं जातं. पुढाऱ्यांचे वाडे, कारखान्यांचे गट, गावोगावचे हस्तक, सगळे याच अडवणुकीवर जगतात. सेवा आपोआप मिळू लागली तर मतदार कुणाच्या दारात जाईल? म्हणून ही खिडकी दुरुस्त होऊ नये, यात अनेकांचं हित आहे. ती दुरुस्त करणं म्हणजे नुसती डागडुजी नाही, ज्या खांबावर ही सरंजामी उभी आहे तो खांब काढणं आहे.

चवदार तळं १९२४ च्या ठरावाने खुलं झालं नाही, ते चालत गेलेल्या पायांनी खुलं झालं. लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ साली झाला. पाय कधी निघणार?

जय भीम! जय संविधान!